ठेव

एरंडोलच्या भाजीबाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर
आमची पतपेढी होती.
मी ठेव विभागात. निळं रजिस्टर, गोल शिक्का,
नोटा मोजायला ओला स्पंज.
मे महिन्यात तो दुपारी दोनलाच दगड व्हायचा.

बडगुजर गुरुजी दर मंगळवारी यायचे.
एक लाख साठ हजार, तेरा महिने मुदत.
मुदत संपून चार वर्षं झालेली.
बाकीचे काउंटरवर हात आपटायचे,
मालूबाई भोई पायरीवरच बसकण मारायची:
'मना पैसा कव्हय भेटतीन व माय?'
मी म्हणायची, साहेब जळगावला गेलेत.
साहेब चार वर्षं जळगावलाच गेलेले होते.

गुरुजी पैशांचं विचारत नसत.
कूलरसमोर उभे राहत, टोपी वाळवत.
एकदा पावतीवरच्या अक्षरांवर बोट टेकवून म्हणाले,
कोकिळा, ठेवीला संस्कृतात काय म्हणतात?
न्यास.
नि म्हणजे खाली, आत. अस् म्हणजे टाकणं, फेकणं.
फेकायचं, पण असं
की पडेल तिथे ते राहील.

आणि काउंटरच्या जाळीपलीकडे
त्यांनी स्वतःचा हात उघडला.
जपाआधी करतात तो करन्यास दाखवला मला:
अंगठा तर्जनीवरून सरकला, मग मध्यमेवरून,
अनामिकेवरून, करंगळीवरून,
प्रत्येक बोटावर एकेक मंत्र उतरवत.
मी बघतच राहिले.
नोटा मोजताना माझा अंगठा
हाच रस्ता रोज तीनशे वेळा चालायचा,
आणि कुठेच काही ठेवायचा नाही.

मग मंगळवार म्हणजे धातू झाला.
अभ्यास? तोच अस्. एकाच जागी पुन्हापुन्हा फेकणं.
संन्यास? सगळंच नीट खाली ठेवणं.
नीट, हं. टाकून पळणं वेगळं.
हे म्हणताना त्यांनी साहेबांच्या केबिनकडे पाहिलं नाही.
मीच पाहिलं.
आणि असणं, गुरुजी? आहे, असतो, ते?
तो अस् निराळा. गण निराळा.
ऐकायला मात्र एकच.
थांबले. पावतीची घडी केली.
असलेला कुठला आणि टाकलेला कुठला,
कानाला कळत नाही बघ.

ज्या दिवशी शटरला सील लागलं
त्या दिवशी खाली दोनशे माणसं होती.
कुणीतरी चप्पल भिरकावली, ती मला लागली.
बरोबर होतं ते. जाळीमागचा चेहरा माझाच होता,
पावत्यांवरची सहीही माझीच.
गुरुजी गर्दीत होते. ओरडले नाहीत.
जवळ येऊन एवढंच म्हणाले,
न्यासाच्या शेवटी म्हणतात, अस्त्राय फट्,
आणि डाव्या तळव्यावर दोन बोटं आपटून टाळी वाजवतात.
अस्त्र म्हणजेही फेकायचंच. तोच धातू.
आधी सगळं अंगावर ठेवून घ्यायचं,
मगच ते.
आणि अंजनीच्या पुलाकडे चालू लागले.

आता मी धरणगाव रोडला झेरॉक्सच्या दुकानात बसते.
गुरुजींची पावती त्यांच्या धातुपाठात खूण म्हणून आहे,
चौथ्या गणाच्या पानावर, त्यांनीच दाखवली.
दहा टक्के मिळाले सगळ्यांना, तेही हप्त्यांनी.

मला मंत्र येत नाहीत.
रात्री दिवा घालवला की अंथरुणात बसते,
हात उघडते.
अंगठ्यावर मालूबाई भोई, बावीस हजार.
तर्जनीवर सुपडू तेली, लेकीचं लग्न.
मध्यमेवर ते दोघं मुकेबहिरे भाऊ,
जे रक्कम बोटांनीच सांगायचे.
अनामिकेवर जनाबाई महाजन. ती वारली.
करंगळी लहान, पण तिच्यावरही एक नाव मावतं,
रोज निराळं.
मग तळवा, मग तळव्याची पाठ,
मग हृदय, डोकं, शेंडीची जागा.
रजिस्टर सरकारजमा झालं तरी
मला चारशे अकरा नावं पाठ आहेत.

डोळ्यांपर्यंत येते.
तिथे थांबते.

दोन बोटं उचललेली राहतात अंधारात,
डावा तळवा खाली, वाट बघत.
टाळी अजून वाजवलेली नाही.